सणाचा क्रम : वचन, वांटा आणि मांडव

आमच्या शाळेच्या वार्षिक अंकाच्या मराठी विभागांत धर्मशिक्षणाच्या एका पाठास जागा देण्याची चाल आहे. यंदां आम्हीं जो विषय घेतला आहे तो कांहीं वाचकांस प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटेल. ख्रिस्ती मंडळीच्या पाळकांनीं सणांची तयारी कशी करावी, हा तो विषय होय. शाळेंतील मुलांस व त्यांच्या आईबापांस पाळकांच्या कामाशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं पाळकांच्याच घरचे आहेत. डिसेंबर महिना उजाडला म्हणजे बाबा कोणाच्या हातीं लागत नाहींत, हें त्यांना सांगावयास नको. कांहीं विद्यार्थी पुढें स्वतः पाळक, धर्मगुरु किंवा शब्बाथशाळेचे शिक्षक होतील. आणि जे यांपैकीं कांहींच होणार नाहींत, मग ते हिंदु असोत, बौद्ध असोत, मुसलमान असोत कीं पारशी असोत, त्यांनाही केव्हां तरी आपल्या चाळींत, सोसायटींत किंवा गांवीं एखाद्या उत्सवाची जबाबदारी उचलावी लागेलच. सण साजरा कसा करावा हें पुष्कळांस ठाऊक असतें. त्याची तयारी कोठून सुरू करावी हें थोड्यांस ठाऊक असतें. या पाठांत आपण तेंच पाहूं.

एज्राच्या वेळचा सण

सणाच्या तयारीचें एक उत्तम उदाहरण पवित्र शास्त्रांत नहेम्याच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायांत आहे. बंदिवासांतून परत आलेले यहूदी लोक यरुशलेमांत जमले होते. नगराच्या तटाचें काम नुकतेंच पुरें झालें होतें. सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशीं पाणीवेशीसमोरच्या चौकांत पुरुष, स्त्रिया आणि ज्यांना ऐकून समजत होतें अशीं सर्व माणसें एकत्र आलीं. एज्रा शास्त्री लांकडी मंचावर उभा राहिला व पहाटेपासून दोनप्रहरपर्यंत त्यानें नियमशास्त्र वाचलें. लेवी लोकांस वाचलेल्याचा अर्थ फोड करून सांगत होते. ऐकतां ऐकतां लोकांस रडूं आलें. तेव्हां त्यांच्या पुढाऱ्यांनीं त्यांची समजूत घातली कीं हा दिवस शोकाचा नव्हे. घरीं जाऊन गोडधोड खावें, आणि ज्यांच्या घरीं कांहीं तयार नसेल त्यांच्याकडे वांटे पाठवावे. दुसऱ्या दिवशीं घराण्यांतील वडील माणसें पुन्हां शिकावयास आलीं. मांडवांच्या सणाची आज्ञा त्यांच्या दृष्टीस पडली. मग लोक डोंगरावर गेले, जैतून, मेंदी, खजूर यांच्या डाहळ्या घेऊन आले, आणि त्यांनीं आपापल्या धाब्यांवर, अंगणांत व मंदिराच्या चौकांत मांडव घातले.

हा क्रम नीट ध्यानांत ठेवा. प्रथम वचन, नंतर वांटा, आणि शेवटीं मांडव. गिरगांव, दादर, परळ व लालबाग या भागांतील मंडळ्यांचे सण आम्ही अनेक वर्षें पाहत आलों आहों, आणि आमचा अनुभव असा कीं पुष्कळ वेळां हा क्रम उलटा होतो. पंचांच्या बैठकींत पहिला तास रोषणाई, पताका, केक व जेवण यांत जातो. उपासनेचा विषय निघेपर्यंत लोक घड्याळाकडे पाहूं लागलेले असतात. आणि ज्यांच्या घरीं कांहीं तयार नाहीं त्यांची आठवण सण होऊन गेल्यावर येते. पाळकानें सणापूर्वीं करावयाचें पहिलें काम म्हणजे हा क्रम सुलटा करणें.

सणांचें पंचांग

तयारीस आरंभ करण्यापूर्वीं दिवस ठाऊक असले पाहिजेत. ख्रिस्ती सणांत कांहीं स्थिर आहेत, कांहीं चल आहेत. नाताळ हा स्थिर सण. तो दरवर्षीं २५ डिसेंबरलाच येतो. त्याचें हें नांव पोर्तुगीज भाषेंतून आपल्याकडे आलें असून त्याचा संबंध जन्माशीं आहे. नाताळापूर्वींच्या चार रविवारांचा आगमनकाळ धरतात. ३० नोव्हेंबरला जो रविवार सर्वांत जवळ असेल तो या काळाचा पहिला दिवस होय.

ईस्टर, म्हणजे पुनरुत्थानाचा सण, हा मात्र चल आहे. २१ मार्च रोजीं किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येईल तिच्या पुढचा रविवार तो ईस्टर. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कोठेंही पडतो. यांत आमच्या हिंदु विद्यार्थ्यांस एक मौज दिसेल. २०२३ सालीं हनुमानजयंतीची पौर्णिमा गुरुवारीं, ६ एप्रिलला होती. ईस्टर रविवारीं, ९ एप्रिलला आला. २०२४ सालीं होळी २४ मार्चच्या रविवारीं पेटली. ईस्टर त्याच्या पुढच्या रविवारीं, ३१ मार्चला आला. मंडळीची पौर्णिमा कोष्टकावरून काढलेली असते, त्यामुळें क्वचित् एखाद्या दिवसाचा फरक पडतो. पण दोन्ही पंचांगांचा आधार एकच चंद्र आहे.

ईस्टरच्या आधींचा शुक्रवार तो उत्तम शुक्रवार. ईस्टरच्या ४६ दिवस आधीं भस्म बुधवार येतो. मधले सहा रविवार वगळले म्हणजे उपवासकाळाचे ४० दिवस भरतात. ईस्टरचा दिवस धरून चाळिसाव्या दिवशीं स्वर्गारोहण व पन्नासाव्या दिवशीं पेंटेकॉस्ट.

हें सर्व पाळकास अर्थातच ठाऊक असतें. परंतु जानेवारी महिन्यांतच या तारखांशेजारीं शाळांच्या व बोर्डाच्या परीक्षांच्या तारखा मांडून पाहणारे पाळक आम्हांस थोडेच भेटले. उपवासकाळ आणि परीक्षांचा हंगाम बहुधा एकत्रच येतात. परीक्षेच्या आठवड्यांत गायनाच्या तालमी ठेवावयाच्या आणि मग तरुणांत भक्ति उरली नाहीं म्हणून व्यासपीठावरून हळहळावयाचें, हा मुलांवर अन्याय आहे. जो पाळक मार्चच्या तालमी फेब्रुवारींत उरकतो, त्याच्या गायकमंडळांत दहावीचीं मुलेंही दिसतात.

एका भागांतील दोन परंपरा

आमच्या या भागांत सणांविषयीं दोन जुन्या परंपरा एकमेकींच्या शेजारीं नांदत आल्या आहेत. एक परंपरा सणास फार मानणारी. दादरच्या ज्या देवळास लोक पोर्तुगीज चर्च म्हणतात त्याची स्थापना १५९६ सालची. त्याची आजची इमारत चार्ल्स कोरिया यांनीं विसाव्या शतकाच्या आठव्या दशकांत बांधविली. गिरगांवचें सेंट तेरेझा चर्च १७७३ सालचें. कोटांतील सेंट थॉमस चर्च तर १७१८ सालीं नाताळच्याच दिवशीं उपासनेसाठीं उघडण्यांत आलें. गिरगांवांतील खोताच्या वाडींत नाताळच्या दिवसांत दारोदार गव्हाणीचे देखावे मांडलेले असतात, ते पाहावयास सर्व धर्मांचे लोक जातात.

दुसरी परंपरा याच्या उलट. १८१३ सालीं मुंबईस आलेले अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल व सॅम्युअल नॉट हे न्यू इंग्लंडमधील मंडळ्यांचे. त्यांच्या पूर्वजांनीं मॅसॅच्युसेट्स वसाहतींत १६५९ सालीं नाताळ पाळणाऱ्यास दंड करण्याचा कायदा केला होता. तो १६८१ सालीं रद्द झाला. १८२९ सालीं येथें आलेले डॉ. जॉन विल्सन ज्या स्कॉच मंडळीचे, तिच्यांतही नाताळास फारसें स्थान नव्हतें. स्कॉटलंडांत नाताळची सार्वजनिक सुटी १९५८ सालीं सुरू झाली. वाद्यें, मेजवान्या व देखावे यांच्या गर्दींत वचन बुडून जाईल, अशी या लोकांस धास्ती होती.

यांच्या वारसदार मंडळ्यांपैकीं पुष्कळ मंडळ्या १९७० सालच्या २९ नोव्हेंबर रोजीं नागपूर येथें अँग्लिकन इत्यादि मंडळ्यांबरोबर उत्तर हिंदुस्थानच्या मंडळींत सामील झाल्या. आतां सर्वच सण पाळतात, आणि तें योग्यच आहे. तथापि त्या जुन्या लोकांची धास्ती खोटी नव्हती. तिच्यावर उपाय सण बंद करणें हा नसून क्रम सांभाळणें हा आहे.

वचन

नाताळची व पुनरुत्थानाची कथा मंडळींतील लहान मुलालाही पाठ असते. आणि जें पाठ असतें तें कानांवरून सहज निघून जातें. यामुळें सणाचा उपदेश इतर रविवारांच्या उपदेशापेक्षां कठीण असतो. ओळखीची कथा लोकांस पुन्हां ऐकूं यावी कशी, हा प्रश्न पाळकानें सणाच्या निदान महिनाभर आधीं स्वतःस विचारावा.

मराठी मंडळीस या कामांत थोर पूर्वज लाभले आहेत. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आले. जुनीं पुराणें सुटलेल्या नव्या ख्रिस्ती लोकांस म्हणावयास व ऐकावयास आपल्या भाषेंत कांहीं उरलें नाहीं, हें पाहून त्यांनीं ओवीवृत्तांत ख्रिस्तपुराण रचलें. तें १६१६ सालीं राचोल येथें छापून निघालें. सुमारें अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ गोव्यांतील देवळांत रविवारीं व सणावारीं वाचला जात असे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईंत बाप्तिस्मा घेतला. त्यांनीं अभंग व कीर्तन हीं वारकऱ्यांचीं व हरिदासांचीं साधनें ख्रिस्ती भक्तीच्या सेवेस लाविलीं. कॅथॉलिक देवळांतही १९६२ ते १९६५ पर्यंत भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिनच्या जागीं लोकभाषा आल्या. या सर्वांचा हेतु एकच होता; लेवींनीं पाणीवेशीपाशीं जें केलें, तें आपल्या लोकांसाठीं करणें.

या दृष्टीनें कांहीं साध्या सूचना आम्ही करतों. शास्त्रपाठ वाचणाऱ्यास तो पाठ दोन आठवडे आधीं द्यावा, आणि पाळकानें देवळांत सर्वांत मागच्या बांकावर बसून तो एकदां ऐकावा. वाचनाचा मान हुद्द्याप्रमाणें देऊं नये. ज्याचें वाचन मागच्या बांकापर्यंत पोहोंचतें त्याला तो द्यावा. एक पाठ तरी शाळकरी मुलाकडून वाचवावा. गीतें आगमनकाळाच्या पहिल्या रविवारींच ठरवावीं. नवें गीत एकच असावें, बाकीचीं आजीबाईंस तोंडपाठ असलेलीं असावीं. सणाच्या आठवड्यांत एका संध्याकाळीं पेटी, मृदंग व टाळ घेऊन कीर्तन व्हावें. उपदेशांत एकच गोष्ट सांगावी. आभारप्रदर्शनाची लांबलचक यादी उपासनेंत आणूं नये. ती दुसऱ्या दिवशीं फलकावर लावतां येते.

उत्तम शुक्रवारची दुपारीं बारापासून तीनपर्यंत चालणारी उपासना हिला विशेष विचार लागतो. वधस्तंभावरील सात उद्गारांवर पुष्कळदां सात निरनिराळे वक्ते बोलतात. प्रत्येकास इतरांचा विषय कळविला नाहीं तर पहिला वक्ताच सातही उद्गार संपवून टाकतो. प्रत्येक भाषणानंतर दोन मिनिटें शांतता ठेवावी. आणि मार्च-एप्रिलच्या मुंबईच्या उन्हांत तीन तास बसणाऱ्या वृद्धांसाठीं दाराशीं पाण्याचा माठ व एखादी खाट ठेवावी. वधस्तंभावरील तहानेवर उपदेश चालला असतां एखादी म्हातारी तहानेनें घेरी येऊन पडावी, हें कोणासच शोभणार नाहीं.

वांटा

आतां आम्ही या पाठाच्या मुख्य भागाकडे वळतों, आणि येथें आम्हांस आमचीच एक चूक सांगितली पाहिजे.

१९८२ सालच्या जानेवारीच्या १८ तारखेस मुंबईच्या कापडगिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार त्यांत होते. डिसेंबर आला तेव्हां संपास अकरा महिने झाले होते. त्या वेळीं आम्ही एका मंडळीच्या गायकमंडळांत होतों. नाताळापूर्वीं दोन रात्री परळ-लालबागच्या चाळींतून गीतांची फेरी काढण्याची आमची जुनी चाल होती. फेरी ज्या घरीं जाई तेथें सर्वांना चहा व करंजी मिळे आणि मंडळीसाठीं एक पाकीट मिळे. त्या वर्षींही आम्हीं फेरी काढली. कोणाच्या मनांत दुसरा विचार आला नाहीं.

एका चाळींत दुसऱ्या मजल्यावर आमच्या एका सभासदाचें घर होतें. रस्त्यावरून त्या खोलींतील दिवा आम्हांस दिसला होता. आम्ही जिना चढून वर गेलों तेव्हां खोलींत काळोख होता व दाराला आंतून कडी होती. लोक झोपले असतील असें समजून आम्हीं व्हरांड्यांत उभें राहून गीत आरंभिलें. दुसरें कडवें चाललें असतां आंतून एक लहान मूल आमच्याबरोबर गाऊं लागलें. आणि कोणी तोंडावर हात ठेवावा तसा तो आवाज एकाएकीं थांबला. आम्हीं गीत पुरें केलें व पुढच्या घरीं गेलों. जिन्यांत आमच्यांतील एकजण हंसला देखील.

त्या घरचा मोठा मुलगा आमच्याबरोबर गायकांत होता. पण शेवटच्या दोन तालमींस तो आला नव्हता. नाताळच्या दिवशीं सर्व मुलांनीं पांढरा सदरा घालून यावें असा हुकूम आम्हींच काढला होता.

दुसऱ्या दिवशीं पाळकसाहेब एकटे त्या घरीं गेले. त्यांनीं बरोबर वर्गणीची वही नेली नाहीं. त्या माउलीनें त्यांना जें सांगितलें तें त्यांनीं संध्याकाळीं आम्हांस ऐकविलें. ती म्हणाली, “पाळकसाहेब, दार उघडलें असतें तर वीस माणसांना चहा द्यावा लागला असता. घरांत साखर नव्हती. पाकिटाची गोष्ट तर दूरच. म्हणून दिवा मालवून बसलों.” आम्ही सर्व खालीं माना घालून उभे होतों. पाळकसाहेब इतकेंच म्हणाले, “कडी आंतून होती खरी, पण ती आपण घातली.”

त्याच रात्रीं घरोघर निरोप गेला कीं नाताळच्या दिवशीं ज्याच्याकडे जें वस्त्र असेल तें घालून त्यानें यावें. नाताळच्या सकाळीं तें कुटुंब देवळांत आलें, आणि तो मुलगा आपल्या निळ्या सदऱ्यांत गायकांमध्यें उभा राहिला. पुढील वर्षापासून त्या मंडळीची फेरी चहाची किटली स्वतःबरोबर घेऊन जाऊं लागली. ज्या घरीं गीत गावयाचें त्या घरच्या माणसांनाच फेरींतील लोक चहा देत. पाकिटें बंद झालीं. देणगीसाठीं देवळांत एक बंद पेटी ठेविली, जींत कोण काय टाकतो हें कोणास दिसत नसे.

ही केवळ संपाच्या एका वर्षाची गोष्ट आहे असें कोणी समजूं नये. मुंबई सरकारच्या मजूर खात्यानें १९२३ सालीं कामगारांच्या घरखर्चाविषयीं एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यांत शेंकडा ४७ कुटुंबें कर्जांत असल्याचें आढळलें होतें, आणि सावकाराचा नेहमींचा दर रुपयास दरमहा एक आणा, म्हणजे सालीना शेंकडा पाऊणशें, होता. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागीं आज कचेऱ्या व उंच इमारती उभ्या आहेत, पण सणासाठीं उसनवारी करणारीं घरें गेलेलीं नाहींत. पाऊल यानें करिंथ येथील मंडळीस जो कडक दोष दिला तो याच कारणानें. प्रभुभोजनासाठीं जमलेल्या त्या लोकांत एकजण भुकेला राही व दुसरा पिऊन तर्र होई. ज्यांच्याजवळ कांहीं नाहीं त्यांना लाज वाटेल असें वागणें म्हणजे देवाच्या मंडळीचा अवमान, असा त्याच्या लिहिण्याचा आशय आहे.

म्हणून सणापूर्वीं एक महिना पाळकानें सभासदांची यादी घेऊन बसावें व प्रत्येक नांवापुढें स्वतःस तीन प्रश्न विचारावे. या घरीं या वर्षीं कोणी वारलें आहे काय? या घरचें उत्पन्न थांबलें आहे काय? हें घर गेल्या सणास आलें नव्हतें काय? ज्या नांवापुढें एकाही प्रश्नाचें उत्तर होय असें येईल, त्या घरीं स्वतः जावें. जातांना मदत नेणें असेल तर ती सणाच्या आधीं पंधरा दिवस न्यावी, दिवस उजाडल्यावर नेऊं नये. आणि ती कोणी कोणास दिली हें व्यासपीठावरून कधींही सांगूं नये. ज्या घरीं मृत्यु झाला आहे तेथें आनंदाचा आग्रह धरूं नये. त्यांच्याजवळ बसावें, गेलेल्या माणसाचें नांव घ्यावें, आणि सणाच्या प्रार्थनेंत तें नांव घेतलें तर चालेल काय असें विचारावें.

रात्रपाळीचे मेंढपाळ

ज्यांना देवळांत येतांच येत नाहीं त्यांचा वांटा निराळा. लूकाच्या शुभवर्तमानाप्रमाणें ख्रिस्तजन्माची पहिली वार्ता रात्रीं रानांत कळप राखणाऱ्या मेंढपाळांस मिळाली. म्हणजे आमच्या लालबागच्या भाषेंत बोलावयाचें तर पहिला नाताळ रात्रपाळीच्या लोकांचा होता. त्यांना काम सोडून उपासनेच्या वेळीं हजर राहा असें कोणी सांगितलें नाहीं. वार्ताच त्यांच्याकडे चालत गेली.

परळास १९२६ सालीं सुरू झालेलें के. ई. एम. रुग्णालय आहे व १९४१ सालीं सुरू झालेलें टाटा रुग्णालय आहे. तेथें सणाच्या दिवशींही परिचारिका, वॉर्डबॉय व पहारेकरी कामावर असतात. टाटा रुग्णालयाच्या आसपास दूरदूरच्या प्रांतांतून आलेले रोग्यांचे नातेवाईक पदपथांवर दिवस काढतांना आम्हीं पाहिले आहेत. त्यांत ख्रिस्ती माणसेंही असतात, आणि आपला सण कोठें पाळावा हें त्यांना कळत नाहीं. रुग्णालयाच्या अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन, कोणाच्या झोपेस किंवा उपचारास अडथळा न आणतां, पाळकानें दोनतीन माणसांनिशीं तेथें जावें. मोठ्यानें गाण्याची गरज नाहीं. खाटेपाशीं घेतलेलें नांव गीतापेक्षां कमी नसतें.

दुसरी गोष्ट आगगाडीची. गिरगांव व दादर येथील जुन्या मंडळ्यांचे पुष्कळ सभासद आतां विरार, कल्याण, डोंबिवली अशा ठिकाणीं राहावयास गेले आहेत, तरी सणाला ते आपल्या जुन्या देवळांतच येतात. ईस्टरच्या पहाटेची उपासना ठरवितांना पहिली गाडी केव्हां पोहोंचते हें पाहावें. ईस्टर रविवारींच येत असल्यामुळें त्या दिवशीं रेल्वेचा मेगाब्लॉक आहे कीं काय, हें आधीं विचारून मंडळीस कळवावें. मध्यरात्रीची उपासना शेवटच्या गाडीच्या आधीं सुटेल अशी बेतावी, नाहीं तर रात्रीं फलाटावर बसणाऱ्या कुटुंबाचा विचार करून देवळांत त्यांच्या झोपण्याची सोय करावी.

मांडव

आतां शेवटीं मांडव. त्याला आम्हीं शेवटचें स्थान दिलें म्हणून तो त्याज्य आहे असें नव्हे. एज्राच्या वेळच्या लोकांनींही मांडव घातले व त्यांना फार आनंद झाला. मुलांस सणाची आठवण राहते ती पुष्कळदां तारेवरील कंदिलांमुळें व गव्हाणींतील गवताच्या वासामुळेंच.

या बाबतींत आपल्या शेजाऱ्यांपासून शिकण्यासारखें पुष्कळ आहे. गिरगांवांतील केशवजी नाईक चाळीचा गणेशोत्सव १८९३ सालापासून चालत आला आहे, आणि लालबागचा प्रसिद्ध उत्सव १९३४ सालापासून. महिनोन्‌महिने आधीं कामें वांटून घेणें, तरुणांच्या हातीं जबाबदारी देणें, गर्दीची वाट आंखणें व जमाखर्च लोकांपुढें ठेवणें या गोष्टी चांगल्या मंडळांकडून पाळकानें अवश्य शिकाव्या. मंडळीच्या सणाचा हिशेब पंधरा दिवसांत फलकावर लागला पाहिजे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो, सरकारनें खास सवलत दिलेल्या रात्री तेवढ्या वेगळ्या. हा नियम मोडून शेजारच्या आजाऱ्याची झोप मोडूं नये. विजेच्या माळा लावतांना बाहेर पडण्याचीं दारें मोकळीं ठेवावीं. देखाव्याचा खर्च गरजूंच्या वांट्यासाठीं काढलेल्या रकमेहून अधिक नसावा, ही मर्यादा पंचांनीं पहिल्याच बैठकींत लिहून ठेवावी. पुढचे पुष्कळ वाद तेथेंच मिटतात.

पाळकाची स्वतःची तयारी

इतरांसाठीं इतकें करतां करतां पाळक स्वतः रिकामा होतो, हें आम्हीं जवळून पाहिलें आहे. सणाच्या आठवड्यांत त्याला सकाळची शांत प्रार्थना सुचत नाहीं. त्याच्या घरचीं मुलें बाबांची वाट पाहत झोपीं जातात. प्रभु येशूनें वल्हांडणाच्या तयारीसाठीं पेत्र व योहान या दोघांस पाठविलें. सर्व कामें स्वतःच्या अंगावर घेतलीं नाहींत. पाळकानेंही कामें सोंपवावीं, आणि सोंपविल्यावर त्यांत हात घालूं नये. सणाच्या आठवड्यांतील एक संध्याकाळ त्यानें आपल्या घरासाठीं राखावी व ती मंडळीस जाहीर सांगावी. मंडळीनें ती मोडूं नये.

विद्यार्थ्यांनो, पुढच्या सणाला तुमच्या वर्गांतील एखादा मित्र दिसला नाहीं, तर तो कोठें गेला असेल असा तर्क करीत बसूं नका. त्याच्या घरीं जा, आणि हातांत वही घेऊन जाऊं नका. पालकांस आमची विनंती अशी कीं पाळकाच्या कामाची परीक्षा रोषणाईवरून करूं नये. देवळांतून घरीं परततांना मुलांस एवढेंच विचारावें कीं आज कोण आलें नव्हतें. हा प्रश्न ज्या घरांत विचारला जातो, तेथें पुढच्या सणाची तयारी त्याच दिवशीं सुरू होते.

मननासाठीं प्रश्न

१. नहेम्याच्या आठव्या अध्यायांत कोणत्या तीन गोष्टी कोणत्या क्रमानें घडल्या? तुमच्या घरच्या सणांत त्यांतील कोणती गोष्ट प्रथम येते?

२. पुढील वर्षाचें पंचांग घेऊन मार्च-एप्रिलमधील पौर्णिमा शोधा व ईस्टरची तारीख स्वतः काढा. ती तुमच्या परीक्षेच्या किती जवळ आहे?

३. “कडी आंतून होती खरी, पण ती आपण घातली,” या बोलण्याचा अर्थ आपल्या शब्दांत लिहा. तुमच्या चाळींतील किंवा सोसायटींतील एखाद्या उत्सवांत अशी कडी कोणाच्या दारास लागते काय, याविषयीं घरांतील वडील माणसांशीं बोला.